छत्रीला फक्त ऐकू येतं

गेल्या आषाढी एकादशीला सकाळी सहा वाजता फोन वाजला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखापासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या एका वाडीतल्या काकी बोलत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, घरात एकट्या, मुलगा-सून विरारला. म्हणाल्या, "रात्री दोनला उठून आंघोळ करून बसले होते रे. पंढरपूरची पूजा लागली, सगळी माणसं गाभाऱ्यात गेली आणि तेवढ्यात पडदा काळा. तुझी छत्री बहिरी झाली."

मी वीस वर्षं लोकांना डिश कशी चालते ते समजावतोय, पण इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. आमच्याकडे डिशला छत्रीच म्हणतात. आणि छत्रीला खरोखर फक्त कान असतात, तोंड नसतं. ती वरून आलेलं ऐकते, उलट एक अक्षरही वर पाठवू शकत नाही. एवढं ध्यानात आलं की रिचार्ज करूनही चॅनल का लागत नाही, पावसात चित्र का जातं, डिश नेमकी कुठे बसवायची, यातलं बरंचसं आपोआप उलगडतं. म्हणून आज हे सविस्तर लिहितोय.

मी देवरुखात टीव्ही दुरुस्तीचं आणि डिश बसवायचं काम करतो. पहिली छत्री बसवली २००५ साली. आदल्या डिसेंबरात दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं होतं. ३३ वाहिन्या आणि महिन्याचं भाडं शून्य. पैसे भरून घ्यायचं डिश टीव्ही २००३ मध्येच आलं होतं, टाटा स्काय २००६ मध्ये आलं. पण आमच्या वाड्यावस्त्यांवर पहिल्यांदा पोचली ती ही फुकटची छत्री. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात.

त्याआधी काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बांबूवर चढवलेला अँटेना, त्याला बूस्टर, एकजण अंगणात बांबू फिरवतोय आणि दुसरा खिडकीतून ओरडतोय, "आलं, आलं, गेलं!" सह्याद्रीच्या पायथ्याची गावं, मध्ये डोंगरच डोंगर. प्रक्षेपण केंद्राची लहर डोंगर ओलांडून येताना दमून जायची. पडद्यावर मुंग्या, मुंग्यांच्या आड बातम्या सांगणारी बाई. तरी लोक बघायचे.

छत्री आल्यावर डोंगराचा प्रश्नच मिटला. कारण ही लहर डोंगराआडून येत नाही, डोक्यावरून येते. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीच्या वेगानेच फिरतो, त्यामुळे आपल्याला तो आकाशात एका जागी टांगल्यासारखा असतो. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. देवरुखातून बघायचं तर दिशा जवळपास आग्नेय. म्हाताऱ्या माणसांना मी "चुलीच्या दिशेला" असंच सांगतो, त्यांना लगेच कळतं. आणि उंची जमिनीपासून साठ अंश. टाटा स्काय, म्हणजे आताचं टाटा प्ले, त्याचा उपग्रह ८३ अंशावर. तो आमच्या आणखी डोक्यावर येतो, सदुसष्ट अंश, आणि दिशा आग्नेय सोडून दक्षिणेकडे सरकते.

इथे एक गोष्ट सगळ्यांना फसवते. भिंतीवरची छत्री बघितली तर ती साठ अंश वर बघतेय असं मुळीच वाटत नाही. समोरच्या डोंगराच्या जरा वर बघतेय असं वाटतं. याचं कारण तिचा आकार. ती मोठ्या गोल वाटीचा बाजूचा कापलेला तुकडा असते, म्हणून तिचा कान, म्हणजे दांडीच्या टोकावरचा एलएनबी, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. लहर वरून तिरकी येते आणि त्यावर आपटून खाली एलएनबीत गोळा होते. डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. त्यामुळे लोक दूरच्या सागाकडे बोट दाखवतात, "तो तोडू काय?" त्याचा काही संबंध नसतो. सिग्नल अडवणारं झाड डिशच्या अगदी जवळ असतं. साठ अंशाचा हिशेब साधा आहे. डिशपासून झाडाचं जेवढं अंतर, त्याच्या सुमारे पावणेदोनपट ते डिशच्या वर गेलं तरच आडवं येतं. हा हिशेब न करता लोकांनी तोडलेली झाडं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

२००७ मध्ये दूरदर्शनने मुक्काम हलवला. आधी ते ९५ अंशावरच्या एनएसएस-६ या उपग्रहावर होतं, तिथून ९३.५ वर नव्या इन्सॅट-४बी वर गेलं. फरक दीड अंशाचा. पण साठ सेंटिमीटरच्या छत्रीला दीड अंश म्हणजे कान दुसरीकडे वळवण्यासारखं. पान्हा घेऊन मी वाडी-वाडी फिरलो. नट अर्धा आटा सैल करायचा, छत्री टाचणीभर ढकलायची, थांबायचं, टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सला ओळख पटू द्यायची, मग परत टाचणीभर. घाई केली की उपग्रह हातातून निसटतो. पुढे त्याच जागी जीसॅट-१५ आला, २०१५ च्या नोव्हेंबरात सोडलेला. जागा तीच राहिली, म्हणून त्या वेळी एकही छत्री हलवावी लागली नाही.

उपग्रह म्हणजे वर लावलेला आरसा, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते तसं नाही. दिल्लीत तोडापूरला दूरदर्शनचं केंद्र आहे, तिथून फ्री डिशच्या सगळ्या वाहिन्या गठ्ठा बांधून वर पाठवल्या जातात. उपग्रह तो गठ्ठा ऐकतो, त्याची फ्रिक्वेन्सी बदलतो, जोर वाढवतो आणि अख्ख्या देशावर सोडतो. एका गठ्ठ्याचं काम करणाऱ्या यंत्राला ट्रान्सपॉंडर म्हणतात. इन्सॅट-४बी च्या अशा एका ट्रान्सपॉंडरचा जोर १४० वॅट होता. जुन्या पिवळ्या शंभरच्या बल्बपेक्षा जरासाच जास्त. तेवढ्या जोरावर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चित्र पोचतं. छत्तीस हजार किलोमीटर खाली येईतो त्यातलं जे काही उरतं ते इतकं क्षीण असतं, की ते गोळा करायला पत्र्याची ती एवढी वाटी लागते. मी हे शाळेतल्या मुलांना सांगतो तेव्हा ती गप्प होतात. मलाही अजून नवल वाटतं.

आता एलएनबी. सगळं बिघडतं ते इथे आणि याच्या वायरीत. वरून येणारी लहर अकरा-बारा गिगाहर्ट्झची. एवढ्या वेगाने थरथरणारी लहर वायरीतून घरात नेता येत नाही, वाटेतच विरून जाते. म्हणून एलएनबी आधी तिला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो आणि मग वायरीत सोडतो. या कामाला वीज लागते, ती त्याच वायरीतून बॉक्सच वर पाठवतो. गंमत म्हणजे ही वीज हाच बॉक्सचा निरोप असतो. १३ व्होल्ट पाठवले तर एलएनबी उभ्या लहरी ऐकतो, १८ पाठवले तर आडव्या. वाहिन्यांचे काही गठ्ठे उभ्यावर असतात, काही आडव्यावर. म्हणजे हा निरोपही छतापर्यंतच जातो, त्यापुढे नाही.

म्हणून कोणी फोनवर म्हणालं, "अर्धे चॅनल लागतात, अर्धे नाहीत," की मी डिशला हात न लावता आधी कनेक्टर बघतो. आमच्याकडे चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वायरीच्या टोकाच्या एफ कनेक्टरमध्ये पाणी गेलं की तांबं हिरवं पडतं, बॉक्समधून निघालेले १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत चौदा-पंधरा होतात आणि एलएनबीला वाटतं आपल्याला उभंच ऐकायला सांगितलंय. आडवे सगळे चॅनल गायब. एका ताईंना एका कंपनीच्या फोनवर तीन दिवस सांगत होते, "तुमच्याकडे पाऊस आहे, वाट बघा." ऊन पडलं होतं. मी गेलो, वायर चार इंच कापली, नवा कनेक्टर आवळला, पाच मिनिटांचं काम. दूर बसलेल्या माणसाला इथलं दिसत नाही हे मला कळतं. पण "अर्धे चॅनल कोणते गेले" एवढं विचारलं असतं तरी त्यांना उत्तर सापडलं असतं. जे स्वतः डिश बसवतात त्यांना माझी एक विनंती आहे. एलएनबीपाशी वायरीला खाली लोंबता झोल द्या. पाणी त्या झोलाच्या तळाशी गळून पडतं, कनेक्टरपर्यंत चढत नाही. आणि जांभ्याच्या भिंतीत नुसत्या प्लास्टिकच्या गिट्टीवर विसंबू नका. जांभा भुसभुशीत, पहिल्या वाऱ्याला स्क्रू हलतो. मी लांब बोल्ट सिमेंटमध्ये बसवतो आणि दोन दिवस वाळू देतो.

पावसाबद्दल. पावसाने सिग्नल जातो हे खरं, पण कोणत्या पावसाने? या लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मोठे टपोरे थेंब तिला शोषतात आणि उधळतात. रिपरिप पाऊस दिवसभर पडला तरी काही होत नाही. धो-धो कोसळला की जातं, आणि ओसरला की दहा मिनिटांत परत येतं. केबलवाल्यांच्या त्या आठ-दहा फुटी जाळीच्या डिशांवरची लहर तिप्पट लांब, म्हणून त्यांचं भर पावसातही चालायचं. आणखी एक म्हणजे, लहर साठ अंशातून येते, त्यामुळे पावसाचे ढग ती आपल्यापासून तीनेक किलोमीटरच्या आतच पार करते. संगमेश्वरला कितीही कोसळू दे, देवरुखच्या आग्नेयेला आभाळ मोकळं असेल तर इथलं चित्र हलणार नाही.

मुंग्यांच्या काळात चित्र हळूहळू बिघडायचं. डिजिटलचं तसं नाही. थोड्या चुका बॉक्स स्वतःच दुरुस्त करतो, कारण वरून पाठवतानाच गठ्ठ्यात जास्तीची माहिती भरलेली असते. त्यामुळे सिग्नल निम्मा झाला तरी चित्र लख्ख दिसतं. एक मर्यादा ओलांडली की चौकोन-चौकोन दिसतात, आणि त्याच्या जरा खाली गेलं की काळा पडदा. म्हणून बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथवर जाऊ नका. ती नुसत्या गोंगाटानेही भरते, चुकीच्या उपग्रहाकडे बघत असलात तरी भरते. बघायची ती क्वालिटी. मी छत्री बसवताना क्वालिटी "चालेल" एवढ्यावर कधीच सोडत नाही, मे महिन्यातल्या निरभ्र आभाळात ती जेवढी वर जाईल तेवढी नेतो. जून-जुलैत तीच शिल्लक कामी येते.

याशिवाय वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. फ्री डिशच्या बाबतीत ते आमच्याकडे सकाळी अकराच्या आसपास होतं. सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. काही मिनिटांचा खेळ, चार-पाच दिवस. काही करू नका, छत्रीला तर अजिबात हात लावू नका.

आता रिचार्ज. पैसे भरायच्या वाहिन्या सगळ्यांच्याच छतावर पडत असतात, भरणाऱ्याच्याही आणि न भरणाऱ्याच्याही. फरक इतकाच की त्या कुलपात असतात. त्या कुलपाची किल्ली दर थोड्या सेकंदांनी बदलते, आणि ती किल्लीसुद्धा बंद पेटीतून चॅनलबरोबरच येते. ती पेटी उघडायचं काम बॉक्समधलं कार्ड करतं, पण त्या कार्डावर "या माणसाने या चॅनलचे पैसे भरलेत" अशी नोंद असेल तरच. ही नोंद येते कुठून? तीही आभाळातूनच. तुम्ही दुकानात रिचार्ज मारलात की कंपनीच्या केंद्रातून तुमच्या कार्डाच्या नंबरावर एक निरोप वर जातो आणि देशभरातल्या सगळ्या छत्र्यांवर बरसतो. लाखो बॉक्स तो ऐकतात आणि सोडून देतात, फक्त तुमचं कार्ड म्हणतं, हा माझा. पण त्या वेळी तुमचा बॉक्स चालू असला पाहिजे. नसेल तर कंपनीला कळायचा मार्गच नाही, कारण बॉक्स "मिळालं" असं उलट कळवू शकत नाही. म्हणून निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतात आणि काही काळाने थांबतात.

गणपतीत हे दरवर्षी होतं. चाकरमानी मुंबईहून तीन आठवडे आधीच गावच्या बॉक्सचा रिचार्ज मारून ठेवतो. गावचं घर बंद, मेन स्विच बंद. चतुर्थीच्या आदल्या रात्री मंडळी उतरतात, टीव्ही लावतात, आणि पडद्यावर "पैसे भरा". मला फोन, चिडलेला. चिडणं बरोबरच असतं, दहा-बारा तासांचा प्रवास करून आलेला असतो माणूस. मी सांगतो, बॉक्स चालू करा, तुमच्या पॅकमधल्या एखाद्या चॅनलवर ठेवा, कंपनीला रिफ्रेश पाठवायला सांगा आणि पंधरा-वीस मिनिटं बंद करू नका. मग आरतीला या. आरती संपेतो लागलेलं असतं. हुशार मंडळी मुंबईचा बॉक्सच पिशवीत घालून आणतात. गावची छत्री त्याच कंपनीची असेल तर तो लगेच चालतो. उपग्रहाला विरार काय आणि देवरुख काय, सारखंच.

एका गुरुजींनी विचारलं होतं, आम्ही काय बघतो ते कंपनीला कळतं का? नुसत्या छत्रीवर चालणाऱ्या बॉक्समधून नाही कळत. बॉक्स वायफायला जोडलात तर गोष्ट वेगळी, तिथे त्याला तोंड फुटलेलं असतं. टीआरपी काढायला बार्क ही संस्था काही निवडक घरांत वेगळे मीटर बसवते.

२०१९ चा जानेवारी मी विसरणार नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या नियमाने १ फेब्रुवारीपासून प्रत्येकाने आपले चॅनल स्वतः निवडायचे होते. पहिल्या शंभर चॅनलचे १३० रुपये आणि कर धरून १५३ रुपये ४० पैसे, त्यावर पैशाच्या चॅनलचं ज्याचं त्याचं भाडं. मला हा नियम मनापासून पटला होता, नको त्याचे पैसे का द्या? पण दुकानात येणाऱ्या माणसाला चॅनलचं नाव माहीत नसतं, नंबर माहीत असतो. "ते बाराशे काहीतरी, कीर्तन लागतं ते." मी आणि माझी बायको रात्री अकरापर्यंत वहीत एकेका घराची यादी लिहीत होतो. पुष्कळांचं बिल कमी झालं नाही, वाढलं. निवडीचा हक्क द्यायचा तर निवडायला सोपं करून द्यायला हवं होतं.

आणि एक खंत लिहितोच. माझ्या माळ्यावर ६३ जुने बॉक्स आहेत. बरेचसे चालू स्थितीतले. एका कंपनीचा बॉक्स दुसरीला चालत नाही. आतलं यंत्र जवळपास सारखंच, कुलूप मात्र वेगळं. बॉक्स कोणत्याही कंपनीला चालेल असा असावा, अशी शिफारस ट्रायने २०२० च्या एप्रिलमध्ये केली होती. मोबाइलचं सिम बदलतो तसं कार्ड बदलता आलं असतं, तर हा ढीग माळ्यावर साठला नसता आणि गरीब माणसाला कंपनी बदलताना पुन्हा पैसे मोजावे लागले नसते. मी त्यातले काही उघडून कपॅसिटर आणि रिमोट दुरुस्तीला वापरतो. बाकीचे टाकवत नाहीत.

तर काकींची छत्री. मी त्याच दिवशी दुपारी गेलो. पाऊस थांबून तास झाला होता, तरी पडदा काळाच. तिथेच शंका आली, पाऊस असता तर एव्हाना परतलं असतं. कनेक्टर कोरडा, वायर धड. मग छत्रीखाली उभा राहून हात साठ अंशात वर केला. बोट बरोबर हापूसच्या कलमात गेलं.

२००९ मध्ये ही छत्री बसवली तेव्हा ते कलम माझ्या कमरेएवढं होतं. काकींच्या यजमानांनी लावलेलं, ते पुढच्याच वर्षी गेले. भिंतीपासून आठ फूट. म्हणजे छत्रीच्या वर साडेतेरा-चौदा फूट गेलं की आडवं येणार, आणि ते तेवढं गेलं होतं. उन्हाळ्यात शेंड्याच्या कोरड्या पानांतून कसंबसं भागत होतं. पावसात पानं भिजली की प्रत्येक पान पाण्याची भिंत होतं, आणि पाऊस थांबला तरी पानं निथळायला वेळ लागतो.

मी म्हटलं, "काकी, शेंडा दोन हात छाटला तर होईल." त्या काही बोलल्या नाहीत. कलमाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग राहू दे ती पूजा. रेडिओ लावीन."

मी गाडीतून वायर काढली. घराच्या मागे जुना गोठा आहे, आता रिकामा, त्याच्या आग्नेयेला खाली उतरत जाणारं भातशेत. आभाळ मोकळं. गोठ्याच्या चिरेबंदी कोपऱ्यावर छत्री हलवली, तीस मीटर आरजी-६ वायर कौलांच्या कडेने फिरवली, दोन्ही टोकांना झोल दिला. बोल्टचं सिमेंट ओलं होतं म्हणून दोन दिवस दगडांनी दाबून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी जाऊन पक्की केली. क्वालिटी आधीपेक्षा चांगली मिळाली.

सातच्या बातम्या लागल्या तेव्हा काकींनी चहा ठेवला. निघताना त्यांनी गोठ्याच्या पुढे, शेताच्या बांधावर एक जागा दाखवली. तिथे नातवाच्या नावाने माड लावायचा आहे म्हणाल्या, चालेल ना? मी पावलं मोजली. सत्तावीस फूट. माड साठ फुटांपर्यंत जाऊ शकतो, तरी त्याला छत्रीच्या वर सेहेचाळीस-सत्तेचाळीस फूट गाठायला वीसेक वर्षं सहज लागतील.

"लावा," म्हटलं, "फक्त आणखी दहा पावलं डावीकडे."